आधी सांधा, मग रंग

रूप बदलणाऱ्या रोबोंची मॉडेले आणि खेळणी यांविषयी साठलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे निरनिराळ्या गावांहून आली असली, तरी बहुतेकांची अडचण फिरून एकाच जागी येते, ती म्हणजे सांधा. शोकेसमध्ये एका पवित्र्यात उभ्या राहणाऱ्या मॉडेलला जे नियम चालतात, ते घडी घालून विमान किंवा मोटार होणाऱ्या मॉडेलला पुरत नाहीत. त्यामुळे काही उत्तरांत तीच गोष्ट पुन्हा आली आहे. ती टाळणे मला योग्य वाटले नाही.

प्रश्न : झीटा गंडमचे 1/100 प्रमाणातील मास्टर ग्रेड मॉडेल मी तीन महिने खपून रंगवले. प्रायमर, रंग, चकाकीचा थर आणि शेवटी मॅट थर, सर्व काही रीतसर केले. परंतु दोनदा त्याचे विमान केले तेवढ्यात खांद्यांच्या आणि पायांच्या आतील बाजूंचा रंग खरवडून निघाला, आणि एक झाकण इतके घट्ट बसले की ते सोडवताना कडेला पांढरा चरा उमटला. रंग चुकीचा निवडला का? — अ. ग., पुणे

उत्तर : रंगाची निवड चुकलेली नाही, रंगाचा हिशेब चुकला आहे. झीटा गंडम हे 1985 साली जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेतील यंत्र. विमान होताना त्याचे डोके धडात उतरते, हात पोटाखाली जातात, पायांची मागे घडी होते आणि ढाल खालून येऊन विमानाचा पुढचा भाग बनते. एवढे अवयव सुमारे वीस सेंटिमीटरच्या आकृतीत एकमेकांना खेटून सरकायचे, तर त्यांच्यामधली फट किती असेल याचा विचार करावा. साचा बनवणारा ही फट उघड्या प्लास्टिकसाठी धरतो. आपण एका पृष्ठभागावर चार थर दिले आणि त्याच्यासमोरच्या पृष्ठभागावरही चार दिले, म्हणजे त्या फटीत आठ थर जाऊन बसले. एकेक थर केसाहून पातळ असला, तरी आठ थरांना जागा लागतेच, आणि ती नसली की रंग खरवडला जातो किंवा प्लास्टिक वाकते. आपल्याला दिसलेला पांढरा चरा म्हणजे वाकून ताणलेले प्लास्टिक. त्यावर रंग चढवून तो झाकता येईल, पण त्या जागेची गेलेली ताकद परत येणार नाही, म्हणून त्या झाकणाला यापुढे जपावे.

आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकलेल्या वाचकांना निळे लावून खरवडण्याची रीत ठाऊक असेल. सपाट पाट्याला प्रशियन ब्लूचा अगदी पातळ हात द्यायचा, त्यावर आपला भाग फिरवायचा आणि जिथे निळे उमटेल तेवढाच उंचवटा काढायचा. मी रूप बदलणाऱ्या मॉडेलला हीच रीत लावतो. मॉडेल पूर्ण जोडावे, पण रंगवू नये. आतील सर्व बाजूंना, विशेषतः झाकणांच्या कडा आणि मांड्यांच्या आतील भिंती यांना, ओल्या फडक्याने पुसता येईल अशा मार्करची शाई फासावी. रोबोचे विमान आणि विमानाचा रोबो असे निदान पाच वेळा करावे. मग भाग उघडून दिव्याखाली धरले की शाई कुठे पुसली गेली ते स्पष्ट दिसते. माझ्या झीटाच्या एका पायात ती पुसलेली जागा तांदळाच्या दाण्याएवढी होती. तेवढीच जागा सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवल्यावर तो पाय कापसासारखा घडी होऊ लागला. उतरवणे मात्र थोडे थोडे करावे आणि दर वेळी पुन्हा जोडून पाहावे, कारण गेलेले प्लास्टिक परत आणता येत नाही.

यानंतर जिथे शाई पुसली गेली होती, तिथे रंग देऊच नये. गंडमची मॉडेले काढणाऱ्या बांदाई या जपानी कंपनीच्या मॉडेलांचे भाग मुळातच त्या त्या रंगाच्या प्लास्टिकमध्ये ओतलेले असतात, त्यामुळे आतली भिंत न रंगवता सोडली तरी ती उठून दिसत नाही. खुंट्या आणि त्यांची भोके मास्किंग टेपने झाकावीत. बाहेरच्या बाजूला चारऐवजी तीन थरांत भागत असेल तर भागवावे. आणि शेवटचा थर दिल्यावर आठवडाभर तरी मॉडेलची घडी घालू नये. हाताला कोरडा लागलेला रंग आतून घट्ट झालेला असतोच असे नाही, आणि घासले जाणाऱ्या जागी हा फरक लगेच उघडा पडतो.

प्रश्न : पॅनल लाइन, म्हणजे मॉडेलच्या अंगावरच्या कोरीव रेघा, उठून दिसाव्यात म्हणून इनॅमल रंग भरपूर पातळ करून रेघांत सोडला. रात्री मॉडेल सुरेख दिसत होते. सकाळी घोट्याची बिजागरी दोन तुकडे होऊन फळीवर पडली होती. कुणाचा हातही लागलेला नव्हता. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हात लागण्याची गरज नव्हती. आपली बिजागरी बहुधा एबीएस प्लास्टिकची होती, आणि इनॅमलचा थिनर हा ताणाखाली असलेल्या एबीएसचा वैरी आहे. खटकन बसणाऱ्या मॉडेलमध्ये खुंटी भोकात दाबून बसवलेली असते, म्हणजे तो भाग बाहेरून शांत दिसला तरी आतून सतत ताणलेला असतो. पातळ थिनर रेघेतून वाहत वाहत त्या खुंटीपर्यंत पोचतो, प्लास्टिकच्या आत शिरतो आणि जिथे ताण सर्वांत जास्त, तिथे तडा पाडतो. काही वेळा हे तासाभरात होते, काही वेळा रात्रभराने. माझ्या पहिल्या मोठ्या मॉडेलचे दोन्ही कोपर याच प्रकारे गेले होते आणि मी बरेच दिवस दोष साच्याला देत राहिलो; तो दोष सर्वस्वी माझा होता.

म्हणून मॉडेल उघडल्यावर सर्वांत आधी रनर पाहावा. ज्या चौकटीला भाग चिकटलेले असतात, तिच्या कडेच्या पट्टीवर अक्षरांबरोबर त्या प्लास्टिकचे संक्षिप्त नाव ठशात उमटवलेले असते. पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन. त्यावर रंग आणि मॉडेलचा सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद, दोन्ही उत्तम चालतात. एबीएस अधिक चिवट, म्हणून सांध्यांसाठी वापरतात, परंतु थिनरला हळवे. पीई म्हणजे पॉलिथिलीन. सांध्यांतील मऊ टोप्या याच्या असतात आणि त्यावर रंग टिकत नाही. पीओएम अतिशय गुळगुळीत असते; त्यावर ना रंग धरत, ना गोंद. मॉडेल जोडायला घेण्याआधी ही चार नावे एका कागदावर भाग क्रमांकांसह लिहून काढली, तर पुढचे अर्धे अपघात टळतात.

पॅनल लाइन भरायच्याच असतील तर त्या भाग सुटे असताना भराव्यात, ताण नसताना, आणि शक्य तर चकाकीच्या थरावर. एबीएसच्या भागांवर द्रव शाई वापरूच नये. बारीक टोकाच्या कोरड्या पेनाने रेघ ओढावी आणि जादाची शाई कापसाच्या काडीने पुसावी. पॉलिस्टायरीनलाही पूर्ण अभय नाही, घट्ट जोडलेल्या अवस्थेत तेही तडकते, फक्त एबीएसपेक्षा जास्त सहन करते.

तुटलेल्या घोट्यासाठी नुसता गोंद पुरणार नाही, कारण सारे वजन तिथेच येते. हातातल्या बारीक ड्रिलने दोन्ही तुकड्यांत एक मिलिमीटरचे भोक पाडावे, त्यात पितळी तार बसवावी आणि मग फेविक्विकच्या जातीचा गोंद टोकाने लावावा. भोके समोरासमोर यावीत यासाठी आधी एका तुकड्यात पाडून, त्यात तारेचा छोटा तुकडा ठेवून, त्याच्या टोकाला रंग लावून दुसऱ्या तुकड्यावर ठसा घ्यावा.

प्रश्न : जुलैमध्ये स्प्रे कॅनने मॅट थर दिला आणि काळा रोबो पिठात लोळल्यासारखा पांढरा झाला. कॅन खराब होता का? आमच्याकडे चार महिने पाऊस असतो, तेवढे दिवस काम बंद ठेवावे का? — सौ. म. दे., चिपळूण

उत्तर : कॅन खराब नसावा, हा हवेतील दमटपणाचा परिणाम आहे. कॅनमधल्या लॅकरचे द्रावक फार झपाट्याने उडून जाते, आणि उडताना पृष्ठभाग थंड करते. कोकणातल्या पावसाळी हवेत तेवढ्या थंडाव्यानेही पाण्याची वाफ त्या ओल्या थरावर बसते आणि थरातच अडकून पांढरी झाक देते. माठाच्या बाहेर पाणी सुटते, त्याच्यासारखेच हे समजावे.

झालेले बहुतेक वेळा सुधारता येते. ऊन पडलेल्या, कोरड्या दिवशी त्याच जातीच्या चकाकी देणाऱ्या थराचा एक ओलसर हात द्यावा. तो खालचा थर थोडा विरघळवतो, अडकलेला ओलावा बाहेर पडतो आणि काळा रंग परत येतो. तो पूर्ण सुकल्यावर, आणि तसाच कोरडा दिवस असेल तर, पुन्हा मॅट द्यावा. एअरब्रश असेल तर सावकाश उडणारा रिटार्डर थिनर वापरून हेच अधिक खात्रीने करता येते.

काम बंद ठेवण्याचे कारण नाही, कामाची वाटणी मात्र बदलावी. पावसाळा हा भाग कापण्याचा, गेटच्या, म्हणजे भाग चौकटीला जिथे चिकटलेला असतो त्या जागेच्या, खुणा घासण्याचा, सांधे बसवण्याचा आणि ब्रशने पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग देण्याचा काळ आहे. लॅकरचा स्प्रे दिवाळीनंतरसाठी राखून ठेवावा. मधूनच एखादी उघडीप मिळाली आणि फवारायचेच असेल, तर घरात छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि आकडा साठच्या वर असेल तर मोह आवरावा. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटे धरला तर फवारा बारीक पडतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकाच, गॅसवर तापवलेले पाणी कॅनसाठी कधीही वापरू नये. रंगवलेले भाग धान्याच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर सुकू द्यावेत, धूळही बसत नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी लिहितो. पावसामुळे खिडक्या बंद करून लॅकर फवारणे धोक्याचे आहे. साधा कापडी मास्क किंवा एन-95 हे धुळीचे कण अडवतात, द्रावकाची वाफ अडवत नाहीत. त्यासाठी कार्बनचे काडतूस असलेला रेस्पिरेटर लागतो. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर फवारणी गच्चीवर करावी, आणि गच्ची नसेल तर ब्रशवर समाधान मानावे.

प्रश्न : माझ्या 1/72 व्हॅल्किरीच्या (मॅक्रॉस या जपानी मालिकेतील विमान-रोबोच्या) मांड्या इतक्या सैल झाल्या आहेत की ती दोन पायांवर उभीच राहत नाही. खुंटीला फेविक्विक लावला तर सांधा कायमचा चिकटेल अशी भीती वाटते. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भीती रास्त आहे, परंतु उपाय तोच आहे, फक्त तो सांधा जोडलेला असताना करायचा नाही. खुंटी किंवा गोळा बाहेर काढावा, त्याला या गोंदाचा अगदी पातळ हात द्यावा, तो पूर्णपणे कडक होऊ द्यावा, आणि मगच परत बसवावा. येथे गोंदाचे काम चिकटवणे नसून जाडी वाढवणे हे आहे. फार घट्ट झाले तर बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवता येते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वार्निशही याच रीतीने चालते आणि त्यात चूक झाली तर निभावते, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने तेच वापरावे.

सांधा पीओएमचा असेल तर त्यावर हा थर धरणार नाही, सोलून निघेल. तिथे नळकामाची पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळावी. सांध्यात स्क्रू असेल तर आधी तो आवळून पाहावा. कित्येक सैल मांड्या एवढ्यावरच बऱ्या होतात. कट्कट् असा आवाज करत टप्प्याटप्प्याने फिरणारा दातेरी सांधा असेल तर त्यात काहीही घालू नये. आणि घट्ट सांध्यासाठी शिलाई मशीनचे तेल किंवा खोबरेल वापरू नये. तेल प्लास्टिकमध्ये झिरपते आणि वर थिनरविषयी जे सांगितले तेच हळूहळू घडते. सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो.

व्हॅल्किरी मूळचीच अवघड आहे, हेही लक्षात घ्यावे. लढाऊ विमान, पाय फुटलेले विमान आणि रोबो अशा तिन्ही रूपांना लागणारे सांधे एका मांडीत बसवावे लागतात. हासेगावा या जपानी कंपनीने म्हणूनच ही तीन रूपे तीन स्वतंत्र, न बदलणाऱ्या मॉडेलांत दिली. ज्याला रेषांची सफाई हवी त्याने ती घ्यावीत आणि ज्याला घडीचा आनंद हवा त्याने थोडा सैलपणा सोसावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : वडिलांनी 1980 च्या दशकात आखातातून आणलेले एक रूप बदलणारे खेळणे माळ्यावर सापडले. पांढरे भाग पिवळे पडले आहेत, हातांत सोनेरी झाक असलेले प्लास्टिक आहे आणि एका हाताची पिन सुटत आहे. मला ते मुलाला द्यायचे आहे. कसे दुरुस्त करावे? — श्री. व. का., नागपूर

उत्तर : सर्वप्रथम, ते सोनेरी हात फिरवू नका. सोनेरी चमक येण्यासाठी ज्या प्लास्टिकमध्ये चमकीचे कण मिसळलेले आहेत आणि ज्यात लाकडाच्या रेषांसारखे वळसे दिसतात, असे त्या काळातील आणि पुढे काही वर्षे बनलेले प्लास्टिक जुने झाले की बिस्किटासारखे भुगा होते. संग्राहकांत हा दोष प्रसिद्ध आहे. ते न वापरता ठेवले तरी ठिसूळ होते आणि त्यावर कोणताही इलाज नाही. वळसे नसतील, रंग एकसारखा असेल किंवा वरून मुलामा दिलेला असेल, तर भीती कमी. शंका असेल तर ते भाग आहेत त्या अवस्थेतच राहू द्यावेत.

पिनविषयी. या खेळण्यांतील पोलादी पिनेच्या एका टोकाला बारीक खाचा असतात. तेच टोक प्लास्टिकला धरून ठेवते. पिन काढायची तर गुळगुळीत टोकाकडून ठोकायची, म्हणजे खाचांचे टोक ते आहे त्याच बाजूने बाहेर पडते. उलट बाजूने ठोकले तर त्या खाचा संपूर्ण भोक खरवडत जातात आणि भोक कायमचे सैल होते, किंवा फुटते. भिंगाखाली दोन्ही टोके पाहावीत; ज्या टोकाभोवती प्लास्टिकला दात्यांच्या खुणा दिसतात ते खाचांचे टोक. आपली पिन आधीच सुटत आहे, तेव्हा ती ठोकण्याऐवजी बोटाने परत ढकलून, खाचांच्या टोकाला वार्निशचा एक ठिपका देणे पुरेसे ठरेल.

पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी उतरतो. औषधाच्या दुकानात वीस व्हॉल्यूमचे, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांचे द्रावण मिळते. स्क्रू, स्प्रिंगा, पिना असे सारे धातू काढावेत, नाहीतर ते गंजून डाग पाडतात. चिकटचित्रे असलेले आणि रंगीत छाप असलेले भाग बाजूला ठेवावेत. नुसते पांढरे भाग पारदर्शक डब्यातील द्रावणात पूर्ण बुडवून उन्हात ठेवावेत, दर तासाला उलटावेत आणि हातमोजे घालूनच हाताळावेत. नागपूरच्या उन्हात हे लवकर होते, म्हणून पहिल्याच दिवशी दोन-तीन तासांनी काढून पाहावे. अधिक ताकदीचे द्रावण घेऊन घाई केली तर पांढरे ढग उठतात आणि पृष्ठभाग खडूसारखा होतो. शिवाय काही वर्षांनी पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. मी स्वतः आता फार पिवळे नसलेले खेळणे तसेच ठेवतो, कारण त्याचे ते वय आहे.

माळ्यावर परत ठेवताना जवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नका. नॅफ्थलीन पॉलिस्टायरीनला मऊ करते. मऊ पीव्हीसीच्या पिशव्याही टाळाव्यात, त्यांतून निघणारे तेलकट द्रव्य प्लास्टिकवर चिकट चट्टे पाडते. रबरी टायर प्लास्टिकला टेकत असतील तर मध्ये कागद घालावा. मुलाला खेळायला आजचे एखादे मजबूत खेळणे द्यावे, आणि हे दोघांनी मिळून, टेबलावर टॉवेल पसरून, वर्षातून एकदा उघडावे.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मर्स अमेरिकेचे की जपानचे? आमच्या मित्रांत यावरून वाद आहे. — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : खेळणी जपानची, कथा अमेरिकेची. टाकारा या जपानी कंपनीने 1980 साली डायाक्लोन ही मालिका काढली. त्यातील मोटारींचे रोबो होत आणि त्यांत बोटाएवढे चालक बसत. तिच्याच मायक्रोमन मालिकेतून घरगुती वस्तूंचे, म्हणजे कॅसेट रेकॉर्डर, पिस्तूल यांचे रोबो निघाले. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने या दोन्हींमधील खेळणी घेऊन 1984 मध्ये एका नव्या नावाखाली बाजारात आणली, आणि त्यांना स्वभाव, नावे आणि वैर दिले. डायाक्लोनचा बॅटल कॉन्व्हॉय हा ट्रक ट्रान्सफॉर्मर्सचा नायक ऑप्टिमस प्राइम झाला. ज्या खेळण्यांत चालकाची जागा होती, त्यांतील ती रिकामी खुर्ची पहिल्या मोटारींत आजही सापडते. कथेत चालक उरला नाही, पण साच्यात त्याची खुर्ची राहिली. जेटफायर हा ट्रान्सफॉर्मर तर टाकाराचाही नव्हे, तो टाकाटोकू या तिसऱ्याच कंपनीच्या व्हॅल्किरीचा साचा होता, आणि व्हॅल्किरी 1982 च्या मॅक्रॉस मालिकेतील. तेव्हा आपल्या मित्रांपैकी कुणीच पूर्ण चुकलेले नाही.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला रूप बदलणारे गंडमच हवे आहे. तिने अजून एकही मॉडेल जोडलेले नाही. — सौ. र. जो., ठाणे

उत्तर : पहिले मॉडेल रूप न बदलणारे असावे, ही माझी विनंती आहे. पहिल्या गंडमचे 2020 मध्ये आलेले एंट्री ग्रेड मॉडेल हाताने तोडून जोडता येते, भाग कापण्याची पक्कड, म्हणजे निपरही, लागत नाही. 1/144 प्रमाणात ते साडेबारा सेंटिमीटरचे होते, कारण कथेतील मूळ यंत्र अठरा मीटरचे. ते एका दुपारी पूर्ण होईल. त्यानंतर निपर हाती द्यावा आणि भाग गेटपासून दोन कापांत काढायला शिकवावे, पहिला काप लांबून आणि दुसरा जवळून. रूप बदलणारे मॉडेल तिसरे घ्यावे. किंमत ठरवताना आयातशुल्क धरावे. परदेशी खेळण्यांवरील सीमाशुल्क 2020 मध्ये वीसवरून साठ टक्के आणि 2023 मध्ये सत्तर टक्के झाले, त्यामुळे परदेशातून आयात होऊन आलेले स्वस्त मॉडेल दुकानात पोचेपर्यंत स्वस्त राहत नाही.

प्रश्न : मी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. रूप न बदलणारे एक रोबो मॉडेल माझ्याकडे आहे. त्यात फेरफार करून त्याचा ट्रॅक्टर व्हावा अशी इच्छा आहे. थ्रीडी प्रिंटर महाविद्यालयात आहे. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, सांगली

उत्तर : हे पत्र वाचून फार आनंद झाला. सुरुवात प्रिंटरपासून करू नका. व्हॅल्किरीचे रचनाकार शोजी कावामोरी हे यंत्राची घडी सुचवण्यासाठी लेगोचे ठोकळे जोडून पाहतात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ठोकळ्यांत रूप दिसत नाही, पण कोणता भाग कुठून कुठे जातो आणि वाटेत कशाला अडतो, हे लगेच कळते. लेगो नसेल तर जाड पुठ्ठा आणि टाचण्या घ्या.

पहिला नियम असा की वस्तुमान कुठे जाते ते आधी ठरवावे. ट्रॅक्टरची मागची दोन मोठी चाके हा आपला सर्वांत अवघड प्रश्न आहे, कारण ती रोबोत लपत नाहीत. त्यांना खांद्यांवर, पाठीवर किंवा पोटऱ्यांवर उघडपणे जागा द्यावी लागेल. माझा कौल पोटऱ्यांना, कारण तिथे त्यांचे वजन खाली राहते आणि रोबो स्थिर उभा राहतो. बॉनेट छाती होऊ शकते. दुसरा नियम, जिथे एका बिजागरीने भाग भागाला अडतो तिथे दुहेरी बिजागरी घालावी, म्हणजे भाग आधी बाहेर सरकतो आणि मग वळतो. तिसरा, दोन्ही रूपांत प्रत्येक मोठ्या भागाला खटकन बसणारी खुंटी हवी. खुंट्या नसल्या की ट्रॅक्टर हातात घेताच त्याचे हातपाय लोंबू लागतात, आणि घरी बनवलेल्या बहुतेक मॉडेलांचे दुखणे हेच असते.

पुठ्ठ्याचा नमुना नीट घडी झाला की अर्ध्या आणि एक मिलिमीटरच्या पॉलिस्टायरीन पत्र्याने मूळ मॉडेलवर काम सुरू करा. प्रिंटर फक्त बिजागऱ्या आणि चाके यांसाठी वापरा. साध्या रेझिनची बिजागरी ठिसूळ असते, काही घड्यांनंतर तुटते. प्लास्टिकची तार वितळवून छापणाऱ्या प्रिंटरवर पीईटीजी प्लास्टिक किंवा नायलॉन घ्या आणि भाग असा आडवा ठेवा की थरांच्या रेषा खुंटीच्या लांबीच्या दिशेने जातील. खुंटी उभी छापली तर ती थरांच्या रेघेवरच मोडते. सांध्याचा आस प्लास्टिकचा न ठेवता पितळी तारेचा ठेवा. दोन सरकत्या पृष्ठभागांमध्ये सुरुवातीला 0.2 मिलिमीटर फट सोडा आणि आपल्या महाविद्यालयाच्या प्रिंटरवर ती किती भरते हे छोट्या नमुन्यावर मोजून मग बदला. रंगाचा विचार आत्ता नको, पण रंगासाठी लागणारी फट आत्ताच रेखाटनात धरा.

पुठ्ठ्याचा नमुना तयार झाल्यावर दोन्ही रूपांची आणि मधल्या एखाद्या टप्प्याची छायाचित्रे पाठवावीत. कंबर कशी फिरवली आणि मागची चाके अखेर कुठे ठेवली, हे मला पाहायचे आहे.